शीरखुर्मा आणि शेवयांची खीर

कोणीतरी विचारलंय की शीरखुर्मा, म्हणजे खारीक-सुकामेवा घातलेली शेवयांची दुधातली खीर, थोड्या वेळाने गच्च गोळा का होतो. बहुतेक वेळा शेवया जास्त पडलेल्या असतात. फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, शेवयांचं नावात नावही नाही! एक लिटर दुधाला 40-50 ग्रॅम बारीक शेवया भरपूर झाल्या. गॅस बंद करताना तो पातळच दिसायला हवा, कारण गार होताना शेवया दूध पीतच राहतात.

खारीक रात्रभर भिजवून लांबट चिरा. चारोळीही भिजवून चोळा, म्हणजे सालं निघतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण सालासकट चारोळी कडवट लागते. मग सुकामेवा तुपात परता, काजू गुलाबी झाले की सगळा काढून घ्या आणि त्याच तुपात शेवया मंद आचेवर सोनेरी करा. दूध आधी थोडं आटवून घ्या, शेवया शेवटच्या पाच-सात मिनिटांत घाला. साखर बेतानेच, खारकेचा गोडवा उतरतोच. केशर ऐच्छिक, वेलची मात्र हवीच.

पाकातल्या, खवा घातलेल्या किमामी शेवया हा वेगळा प्रकार, त्याची यात गल्लत नको.

आणि ज्यांना दूध चालत नाही त्यांनी अरबी मामूल करून बघा: रव्याच्या पारीत खजुराचं सारण, लाकडी साच्यात दाबून भाजायचं. आपल्या करंजीची लांबची बहीणच म्हणा. पारीत लोणी असतं, तेवढं सोसत नसेल तर तेल घाला.