१ मेला सत्काराऐवजी कामगारांसाठी काय करावं?

प्रश्न: आमच्या संकुलाला दोन गेट आहेत. तीन पाळ्यांत मिळून सहा सुरक्षारक्षक आणि सफाईला चार जण. दरवर्षी पुष्पगुच्छ आणि भाषणं होतात. यंदा त्यांच्या खरोखर उपयोगी पडेल असं काय करता येईल?

उत्तर १: आधी पगारी सुट्टी द्या. सत्काराला बोलावलं तर येण्याजाण्यात त्यांचा अर्धा दिवस जातो. माणसं कंत्राटदाराची असतील तर दोन आठवडे आधी त्याला लेखी कळवा की त्या दिवसाचं बिल पूर्ण मिळेल, कुणाचाही खाडा धरायचा नाही. मग पगारपत्रकावर भरलेले दिवस मोजा. बिल पूर्ण जातं आणि खाडा तरीही लागतो, तो इथेच सापडतो.

उत्तर २: गेट रहिवाशांनी सांभाळावं, दोघादोघांनी, दोन-दोन तास. किल्ल्यांचा जुडगा, नोंदवही आणि पाण्याच्या पंपाची वेळ आदल्या संध्याकाळीच समजून घ्या. पंप बंद करायचा राहिला की टाकी वाहते.
कचऱ्याचं मात्र नीट ठरवा. १ तारखेला सुट्टी आणि २ तारखेला दुप्पट ओझं, ही सुट्टी नव्हेच. ओला कचरा ज्याने त्याने खाली नेऊन टाकावा. सुका घरीच ठेवून पुढच्या तीन-चार दिवसांत थोडाथोडा द्यावा. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ लिहून वेगळी द्या. साध्या पिशवीतून ती थेट हाताला लागते.

उत्तर ३: तुमच्या आकड्यांतच खरी अडचण आहे. एका गेटला आठवड्याचे १६८ तास, म्हणजे ८ तासांच्या २१ पाळ्या. एक माणूस सहा पाळ्या करणार, तर गेटमागे साडेतीन माणसं लागतात, दोन गेटना सात. तुमच्याकडे सहाच आहेत. म्हणजे एक तर कुणालाच साप्ताहिक सुट्टी नाही, नाहीतर कुणीतरी सलग दोन पाळ्या ओढतंय. १ मे १८८६ ला अमेरिकेतले कामगार संपावर गेले ते आठ तासांच्या दिवसासाठीच. सातवा माणूस घ्या.

प्रश्नकर्ता: हे हजेरीपत्रकात दिसेल का?

उत्तर ३: दिसतं. एकाच नावापुढे, एकाच तारखेच्या चौकटीत दोन पाळ्यांच्या खुणा शोधा. शिवाय सलग सात दिवस हजर असलेली नावं वेगळी काढा. पत्रक अगदी स्वच्छ दिसलं तर गेटवरची नोंदवही शेजारी ठेवून सह्या ताडून बघा.