पाच मिनिटं, मग घंटा: लायटनिंग टॉक दिला असेल तर अनुभव लिहा

गेल्या शनिवारी नागपुरात परसोडीला, आयटी पार्कजवळच्या एका हॉलमध्ये, आमच्या तंत्रज्ञान मेळाव्यात तासाभरात नऊ जण बोलून गेले. प्रत्येकी पाच मिनिटं. नंतर तर्रीपोह्याच्या गाडीवर बरेच जण एकच विचारत होते: एवढ्याशा वेळात सांगायचं काय? म्हणून हा धागा. काय कापलं, कुठे अडखळलात, घंटा झाल्यावर काय झालं, सगळं लिहा. (‘लायटनिंग टॉक’ हे नाव २००० सालचं. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात भरलेल्या पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या परिषदेच्या वेळी मार्क जेसन डॉमिनस यांनी ते दिलं.)

सुरुवात मी करते. माझा विषय होता अर्धा र. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. हा दुसरा, चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला ठराविक क्रमांक देणारी पद्धत) दोन तऱ्हांनी लिहिता येतो: खाली टिंब असलेला ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या शोधात एक टाकलं की दुसरं सापडत नाही. आमच्याकडे ग्राहकांच्या यादीत ‘कुऱ्हाडे’ शोधलं की निम्मीच माणसं यायची.

पहिल्या खर्ड्यात बावीस स्लाइड होत्या, युनिकोडच्या इतिहासासकट. प्रतापनगरला घरी आईसमोर घड्याळ लावून बोलले, तर साडेनऊ मिनिटं! आई म्हणाली, “अगं, ‘आचार्यांना जेवायला बोलावलं’ आणि ‘आचाऱ्यांना जेवायला बोलावलं’, एवढंच दाखव ना.” तेच माझं पहिलं वाक्य झालं. इतिहास गेला, सहा स्लाइड उरल्या, चार मिनिटं चाळीस सेकंदांत संपलं. कापताना जीव तुटत होता, दोन रात्री गेल्या होत्या त्या स्लाइडांवर.

हिंगणा, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष
ताई, माझं इग्नाइट पद्धतीचं होतं. वीस स्लाइड, दर पंधरा सेकंदांनी आपोआप पुढे. मी सगळं इंग्रजीत पाठ केलं होतं. चौथ्या स्लाइडला एक वाक्य विसरली, आन् स्लाइड तर थांबत नाही. दोन तशाच निघून गेल्या. मग म्हटलं, “जसं घरी सांगते तसंच सांगते,” आन् आपल्या बोलीत सुरू झाली. समोरचे लोक पुढे सरकून ऐकून राहिले होते. आता पाठ नाही करत. प्रत्येक स्लाइडचा एक शब्द ध्यानात ठेवते.

धंतोली, सिस्टम अ‍ॅडमिन
थेट डेमो ठेवू नका. प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडला जाईना, वायफाय मिळेना. पाचातली अडीच मिनिटं त्यातच गेली. आयोजकांनी घड्याळ थांबवलं नाही आणि ते बरोबरच होतं, मागे सहा जण ताटकळले होते. आता चाळीस सेकंदांचा डेमो रेकॉर्ड करून नेतो. आयोजकांनाही विनंती आहे: सगळ्यांच्या स्लाइड आदल्या रात्री मागवून एकाच लॅपटॉपवर क्रमानं लावून ठेवा.

खामला, निवृत्त प्राध्यापक
मी बोललो नाही, घंटा वाजवली. एक मुलगा आपल्या प्रयोगाचा निकाल सांगणार, तेवढ्यात वेळ संपली. वाजवली, पण मनाला लागलं. चहाच्या वेळी पाहतो तर त्याच्याभोवती घोळका. कागदी प्लेटच्या मागच्या बाजूला आकृती काढून तो उरलेलं समजावत होता. तेव्हापासून चार मिनिटं झाली की मी एक बोट वर करून दाखवतो.

काटोल
ताई, मी अजून बोललो नाही, विचारायचं आहे. संत्र्याच्या बागेत मातीतली ओल मोजून ठिबकचा व्हॉल्व्ह उघडणारं यंत्र बनवलं आहे. सेन्सर, बोर्ड, अ‍ॅप, सोलर, सगळं पाच मिनिटांत कसं बसवू?

– भाऊ, यंत्र कधी चुकलं का?

– एकदा. मातीतला प्रोब गंजला आणि माती कोरडीच आहे असं सांगत राहिला. रात्रभर व्हॉल्व्ह उघडा. सकाळी बाबांनी पाहिलं तर झाडाखाली तळं.

– मग ती रात्रच सांगा. प्रोब का गंजला, बदलून काय लावलं. सोलरचं चहाला बोलू. नाव नोंदवते तुमचं.