मुंबईच्या ऑपेरा हाऊसची मैफल: सोसायटीच्या ग्रुपवर सोमवारी झालेली चर्चा

ताई (ए/४०२), सकाळी ७:४२
सर्व सभासदांना नमस्कार. काल सायंकाळी आपण २८ जण ऑपेरा हाऊसला शास्त्रीय गायनाच्या मैफलीला गेलो होतो. हा बेत ठरवण्यात माझा पुढाकार होता, म्हणून तिथे जे घडले त्याबद्दल बोलण्याची जबाबदारीही मी माझीच समजते. साडेसहाच्या मैफलीला आपल्यापैकी ११ जण पावणेसातनंतर आत आले, काळोखात मोबाइलचे दिवे लावून त्यांनी आसने शोधली आणि संपूर्ण रांगेला दोनदा उभे केले. त्यानंतर मारवा रागाचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल रंगात आलेला असताना आपल्याच रांगेत फोन वाजला आणि बराच वेळ वाजत राहिला. ज्यांना मारवा परिचित नाही त्यांच्यासाठी सांगते, की या रागात पंचम (प) नाही आणि गाणारा कोमल रिषभ (रे) व धैवत (ध) यांच्यावर रेंगाळत षड्ज, म्हणजे मूळ ‘सा’, शक्य तितका लांबणीवर टाकतो, त्यामुळे तो षड्ज अखेर लागतो तेव्हा फार वेळ बाहेर राहून घरी पोहोचल्यासारखे वाटते. काल गायिका त्या षड्जाच्या उंबरठ्यावर होती. फोन वाजला, तिने डोळे उघडले, तानपुऱ्याकडे पाहिले आणि पुन्हा निषादापासून (नी) सुरुवात केली. पुढच्या रांगांतले लोक मागे वळून आपल्याकडे पाहत होते, तेव्हा मला मान वर करवली नाही.

सचिव (बी/२०१), सकाळी ८:०५
ताई, आपली व्यथा समजते. मात्र सकाळीच कोणाकडे बोट दाखवल्यासारखे होऊ नये, अशी सर्वांना नम्र विनंती आहे. पुढील महिन्याच्या मैफलीला जायचे की नाही, हेही याच निमित्ताने ठरवावे.

खजिनदार (ए/३०३), सकाळी ८:११
कालच्या तिकिटांपैकी पाच जणांचे पैसे येणे बाकी आहेत. तिकिटे मी स्वतःच्या खात्यातून आगाऊ काढली होती. कृपया आज पाठवावेत.

बी/५०५, सकाळी ८:३०
उशिरा आलेल्या ११ जणांत मीही होतो, म्हणून उत्तर देतो. रविवारीही कामावर जावे लागलेला माणूस धावतपळत येतो, तेव्हा दहा-पंधरा मिनिटांचा उशीर हा काही अपराध नव्हे. आम्हीही तिकीट विकत घेतलेले आहे. शिवाय अण्णांच्या फोनची धून सुरातच होती, तबलजींनी साथ धरली असती तरी चालले असते.

ताई (ए/४०२), सकाळी ८:३४
मी नाव घेतले नव्हते. आपण घेतलेत, याचे मला वाईट वाटते.

वहिनी (बी/६०१), सकाळी ८:५२
मी एक गोष्ट आजच स्पष्ट करते, कारण मध्यंतरात माझ्या कानावर आली होती. ‘लहान मुलांना अशा ठिकाणी आणू नये’ असे आपल्याच दोन सभासद भगिनी माझ्याकडे पाहून म्हणाल्या. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, ती पेटी शिकते आणि काल ती दोन तास जागची हलली नाही. वेफरच्या पिशवीचा आवाज आमच्या मागच्या रांगेतून येत होता आणि ती पिशवी लहान मुलाच्या हातात नव्हती.

ए/५०२, सकाळी ८:५८
ती पिशवी माझ्या सासूबाईंच्या हातात होती. त्यांना मधुमेह आहे आणि ठराविक वेळाने त्यांना काही तरी खावे लागते. हे सर्वांना ठाऊक असताना ग्रुपवर असे लिहिणे योग्य नव्हे.

वहिनी (बी/६०१), सकाळी ९:०३
मला ते खरोखरच ठाऊक नव्हते. आजींची क्षमा मागते. त्यांच्यासाठी घरूनच उघड्या डब्यात काही नेता येईल का, एवढेच सुचवते. त्या शांततेत प्लॅस्टिक फार मोठ्याने वाजते.

खजिनदार (ए/३०३), सकाळी ९:१०
पाच जणांचे तिकिटाचे पैसे येणे बाकी आहेत.

दादा (ए/७०४), सकाळी ९:४०
वहिनी म्हणतात ते वास्तूच्या दृष्टीनेही खरे आहे, आणि स्थापत्याचा विद्यार्थी म्हणून ते सांगावेसे वाटते. ब्रिटनचा राजा पंचम जॉर्ज याच्या हस्ते १९११ साली या वास्तूचे उद्घाटन झाले आणि बांधकाम त्यानंतर पुरे झाले. त्या काळी आजच्यासारखे ध्वनिवर्धक नव्हते, म्हणून सर्वांत वरच्या गॅलरीत बसणाऱ्यालाही रंगमंचावरचा शब्द ऐकू जावा या हिशेबाने छत बांधले गेले. आसने आज जेमतेम ५७५ आहेत. त्यामुळे तिथला आवाज एखाद्या प्रचंड सभागृहातल्यासारखा विरून जात नाही. गायिकेचा श्वास आपल्यापर्यंत पोहोचतो, तशी आपली कुजबुजही तिच्यापर्यंत पोहोचते. १९९३ मध्ये ही वास्तू बंद पडली, पुढे वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी तिचे जतनकाम केले, २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा उघडली आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत तिचा गौरव झाला. आपण मात्र त्या काळात समोरच्या पदपथावरून जाताना बंद दारे पाहत होतो. माझे शालेय जीवन अर्धे संपेपर्यंत मला ‘ऑपेरा हाऊस’ हे केवळ बस थांब्याचे नाव वाटत होते.

ताई (ए/४०२), सकाळी ९:४७
दादा, एवढे जाणणाऱ्या मुलाने १२ मिनिटे मोबाइल वर धरून चित्रण केले आणि रात्री तेच ग्रुपवर टाकले, याचे मला अधिक दुःख झाले. तुमच्या पडद्याचा उजेड माझ्या डोळ्यांत येत होता. गायिकेची अनुमती घेतली होती का?

दादा (ए/७०४), सकाळी ९:५५
घेतली नव्हती. माझी आजी गुडघ्यांमुळे येऊ शकली नाही, तिला दाखवण्यासाठी केले होते. तरीही ते चुकीचे होते. चित्रफीत ग्रुपवरून काढून टाकली आहे. ज्यांनी पुढे पाठवली असेल त्यांनीही काढावी.

बी/५०५, सकाळी १०:०२
आता ऐकायला बंदी, उशिरा यायला बंदी, खायला बंदी आणि फोनलाही बंदी. हे सर्व साहेबाच्या देशातले शिष्टाचार आहेत. आपल्याकडे बैठकीत लोक पान खात, हात वर करून दाद देत, मध्येच उठून जात. आपण गिरगावकर आहोत, कोणत्या राजदरबारात बसलेलो नाही.

आजोबा (ए/१०१), सकाळी ११:२०
मला टंकलेखनास वेळ लागतो, म्हणून नातवाकडून लिहवून घेतो आहे. पाचशे पाचचे म्हणणे अगदीच खोटे नाही आणि म्हणूनच त्याचे नीट उत्तर द्यायला हवे. माझ्या वडिलांनी याच ऑपेरा हाऊसमध्ये बालगंधर्व ऐकले होते. वडील सांगत, की पद संपले की ‘वन्स मोअर’चा गजर होई, तेच पद दोनदा, तीनदा गायले जाई आणि नाटक संपेपर्यंत पहाट होई. पुढे पृथ्वीराज कपूर यांच्या नाटकांना वडिलांनी मला तिथेच नेले. प्रयोग संपल्यावर तो एवढा मोठा नट दारात झोळी पसरून मान खाली घालून उभा असे आणि त्या झोळीत माझ्या हाताने आणा टाकल्याचे मला आठवते. त्यानंतर अनेक वर्षे आम्ही तिथे चित्रपट पाहिले, शिट्ट्याही वाजवल्या. म्हणजे त्या वास्तूत आवाज कधीच नव्हता असे नाही. परंतु ‘वन्स मोअर’ ओरडणारा माणूस गाण्यात बुडालेला असे. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ‘वाहवा’ म्हणणाऱ्याने त्या क्षणापर्यंतची प्रत्येक मात्रा ऐकलेली असते, म्हणून त्याची दाद गाणाऱ्याला पुढे ढकलते. फोनला मात्र सम ठाऊक नसते. साहेबाचे शिष्टाचार आणि आपले शिष्टाचार वेगळे आहेत हे मान्य, पण आपलेही आहेत. गाणे चालू असताना समोरून उठून जाणे बैठकीतही असभ्यच मानत, ज्याला जायचे असे तो एक चीज संपून दुसरी सुरू होण्याची वाट पाहत असे.

ताई (ए/४०२), सकाळी ११:३१
आजोबा, हेच मला म्हणायचे होते आणि रागाच्या भरात म्हणता आले नाही. आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, फ्रेंच ब्रिजजवळ, प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ साली संगीत विद्यालय सुरू केले. गायक विष्णु दिगंबर पलुसकरबुवांचे शिष्य असूनही त्यांनी पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास केला होता. त्याच विद्यालयात कुमार गंधर्व लहानाचे मोठे झाले. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मैफलीत रचनेचे सर्व भाग संपेपर्यंत टाळी वाजवत नाहीत, आपल्याकडे एका चांगल्या तानेवर हात आपोआप वर जातो. दोन्हीकडचा श्रोता सारखाच जागा असतो. गिरगावात गणेशोत्सवात मोठमोठ्या गवयांचे गाणे रस्त्यावर पदपथावर बसून रात्रभर ऐकणारी माणसे होती, त्यांना तिकीट नव्हते, खुर्ची नव्हती, आणि तरी गाणे सुरू झाले की चाळीच्या गॅलरीतला पाळणाही कोणी हलवत नसे, असे माझी आई सांगे. त्यामुळे ‘आपण गिरगावकर आहोत’ हे वाक्य मला उलट्या अर्थाने म्हणावेसे वाटते.

बी/५०५, सकाळी ११:४८
आजोबांपुढे मी बोलणार नाही. मात्र शेवटची भैरवी न ऐकता निघालेल्या सहा जणांबद्दल ताईंनी एक अक्षर काढलेले नाही, कारण त्यांत त्यांच्याच धाकट्या जाऊबाई होत्या.

ताई (ए/४०२), सकाळी ११:५२
होत्या. बोरिवलीचे पाहुणे बरोबर असल्याने त्यांना चर्नी रोडहून गाडी पकडायची होती. भैरवीने मैफल संपते हे ठाऊक असूनही त्या द्रुत (जलद लयीतला) ख्याल चालू असताना उठल्या, ही चूकच झाली आणि मी त्यांना तसे काल रात्रीच सांगितले आहे.

खजिनदार (ए/३०३), दुपारी १२:१५
पाच जणांचे पैसे अजून बाकी आहेत. मी तिसऱ्यांदा लिहीत आहे आणि मला हे लिहिणे आवडत नाही. पुढच्या मैफलीची तिकिटे लवकर काढली तर बाल्कनीतील पहिली रांग मिळू शकते, पण आधीचा हिशेब पुरा झाल्याशिवाय मी नवी तिकिटे काढू शकणार नाही.

ए/५०२, दुपारी १२:२०
आमच्या दोघींचे आत्ताच पाठवले. विलंबाबद्दल क्षमस्व.

सचिव (बी/२०१), दुपारी १:१०
सर्वांची मते वाचली. नियमावली काढून नोटीस बोर्डावर लावावी अशी सूचना मला खासगीत आली आहे, परंतु ती मला पटत नाही. शेजाऱ्यांना बरोबर गाणे ऐकायला नेताना सूचनापत्रक वाटणे बरे दिसत नाही. आपण सहाला फाटकापाशी जमून एकत्र चालत निघालो, तर उशिराचा प्रश्न आपोआप सुटेल. दहा मिनिटांची वाट आहे.

वहिनी (बी/६०१), दुपारी १:१८
ज्यांना मध्येच उठावे लागण्याची शक्यता आहे त्यांना रांगेच्या टोकाची आसने द्यावीत. आजींना टोकाचे आसन दिले तर त्या मध्यंतराच्या आधीही बाहेर येऊन निवांत खाऊ शकतील. मी त्यांच्या शेजारी बसेन आणि त्यांच्यासोबत बाहेर येईन.

ए/५०२, दुपारी १:२५
वहिनी, आभार. सासूबाईंना वाचून दाखवले. तुमच्या मुलीला मध्ये बसवा, असे त्या म्हणतात.

अण्णा (बी/१०३), दुपारी ४:३५
मी सकाळपासून हे सर्व वाचत होतो, उत्तर लिहिण्याचा धीर होत नव्हता. फोन माझा होता. तो कोटाच्या आतल्या खिशात होता आणि घाबरून मला तो बंदही करता येईना, म्हणून इतका वेळ वाजला. अडचणीचा फोन नव्हता, कोणत्या तरी कर्जाची जाहिरात होती. मी ४६ वर्षे या वाडीत राहतो. ऑपेरा हाऊसमध्ये मी असंख्य चित्रपट पाहिले, पण काल प्रथमच तिथे समोर जिवंत माणूस गात होता. आत पाऊल टाकले आणि वरचा रंगवलेला घुमट, सोनेरी सज्जे, ती झुंबरे पाहून, हे सारे इथेच होते आणि अंधारात पडद्याकडे पाहताना आपल्याला कधी दिसले नाही, याच विचारात मी होतो. फोन बंद करण्याची आठवण राहिली नाही. हे कारण म्हणून सांगत नाही, घडले ते सांगतो. गायिकेने माझ्यामुळे पुन्हा सुरुवात केली हे ताईंनी लिहिले तेव्हा कळले, काल ते मला समजलेही नव्हते. ताईंची आणि सर्वांची मी क्षमा मागतो. माझ्या तिकिटाचे पैसेही बाकी होते, ते पाठवले आहेत. पुढच्या वेळी मला नेऊ नये असे वाटत असेल तर तेही मान्य आहे.

बी/५०५, दुपारी ४:४१
अण्णा, सकाळी मी जे लिहिले ते लिहायला नको होते. माझेही पैसे आत्ता पाठवतो.

आजोबा (ए/१०१), दुपारी ४:५०
अण्णाशिवाय मी येणार नाही. पायऱ्या चढताना मला त्याचाच हात लागतो.

ताई (ए/४०२), दुपारी ५:०४
अण्णा, तुम्ही आलेच पाहिजे. आणि एक सांगायचे राहिले होते. गायिकेने दुसऱ्यांदा निषादापासून सुरुवात केली, ती पहिल्यापेक्षा अधिक संथ होती आणि षड्ज लागला तेव्हा तिने तो बराच वेळ धरून ठेवला. तुम्ही तेव्हा मान खाली घालून बसला होतात, म्हणून तो तुमच्या कानी गेला नसावा. शनिवारी सायंकाळी साडेसहाला आमच्याकडे या. मारव्याची तीच वेळ असते. मला त्या गायिकेसारखे गाता येत नाही, परंतु पंचमाची तार निषादावर चढवून तानपुरा जुळवून ठेवते आणि तो षड्ज कसा टाळतात व कुठे लावतात एवढे दाखवते.

वहिनी (बी/६०१), दुपारी ५:०९
ताई, मुलीला पाठवले तर चालेल का? पेटीवर मारव्यात पंचम का वाजवत नाहीत, असे ती कालपासून विचारते आहे.

ताई (ए/४०२), दुपारी ५:१०
अवश्य पाठवा. पेटी घेऊनच येऊ दे.

खजिनदार (ए/३०३), दुपारी ५:३०
आता एकच रक्कम बाकी आहे. पुढच्या मैफलीसाठी आजोबा, अण्णा, ताई, आजी, वहिनी व त्यांची मुलगी अशी सहा नावे धरली आहेत. इतरांनी बुधवारपर्यंत कळवावे.