‘डिपार्टमेंटल ऑनर्स’साठी मराठीत काय लिहावे?

प्रश्न : माझ्या भाचीने अमेरिकेतील एका महाविद्यालयातून ‘एन्व्हायर्नमेंटल स्टडीज’ या विषयात बी.ए. पूर्ण केले असून तिला त्या विभागाचे ऑनर्स मिळाले आहे. आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या वार्षिक अंकात तिची नोंद ‘पर्यावरणातील मानद पदवी’ अशी छापली जाणार आहे. ‘मानद’ मला खटकते, ‘विभागीय सन्मान’ही पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपल्याला खटकले ते योग्यच आहे. ‘मानद’ पदवी परीक्षा न देता, एखाद्याच्या कार्याचा गौरव म्हणून विद्यापीठ बहाल करते. त्यामुळे ज्या मुलीने वर्षभर खपून हे मिळवले, तिच्या नावापुढे तो शब्द लावणे म्हणजे तिचे श्रम पुसून टाकणे होय. ‘विभागीय सन्मान’ची अडचण वेगळी आहे. विभागीय आयुक्त, दहावी-बारावीचे विभागीय मंडळ, सरकारी कर्मचाऱ्यांची विभागीय परीक्षा, एवढे सगळे ‘विभागीय’ पुण्यात रोज कानावर पडत असताना, वाचकाला हा पुणे विभागाने केलेला सत्कार वाटण्याचीच शक्यता अधिक. शिवाय सन्मान दुसरा कोणीतरी करतो. हे ऑनर्स मात्र विद्यार्थ्याला स्वतः अर्ज करून, काम करून मिळवावे लागते.

ते काम काय असते, हे लक्षात घेतल्याशिवाय शब्द सापडणार नाही. तपशील महाविद्यालयागणिक बदलतात. तरी सर्वसाधारणपणे विद्यार्थी तिसऱ्या वर्षी विभागाकडे अर्ज करतो, त्यासाठी गुणांची सरासरी अनेक ठिकाणी ४ पैकी ३.५ च्या आसपास असावी लागते, आणि चौथ्या वर्षी एका प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली तो स्वतंत्र प्रबंध लिहितो, जो दुसरा प्राध्यापक तपासतो आणि ज्यावर बहुधा तोंडी परीक्षाही होते. संशोधनासाठी लोकांच्या मुलाखती घ्यायच्या असतील, तर संस्थेच्या नीतिविषयक समितीची परवानगी आधी घ्यावी लागते. प्रबंध विभागाच्या पसंतीस उतरला नाही, तर पदवी मिळते, ऑनर्स मिळत नाही. ‘कुम लाउडे’ वगैरे लॅटिन बिरुदे सहसा एकूण गुणांवर महाविद्यालय देते. ती निराळी, आणि अंकात या दोहोंची गल्लत होऊ नये.

‘विशेष प्रावीण्य’ कोणी सुचवील, पण दहावीच्या ७५ टक्क्यांशी तो शब्द आपल्या मनात इतका घट्ट जोडलेला आहे, की तो वाचताच डोळ्यांपुढे प्रबंध न येता गुणपत्रिका येईल. माझ्या मते ‘ऑनर्स’ हाच शब्द ठेवावा, ‘विभागीय’ऐवजी ‘विभागाचे’ लिहावे आणि प्रबंधाचा उल्लेख अवश्य करावा.

दुसरे उत्तर : वरील मताशी मी सहमत आहे, मात्र नुसते ‘ऑनर्स’ लिहिल्यास आपल्याकडेही घोटाळा होतो. दिल्लीकडे ‘बी.ए. ऑनर्स’ म्हणजे वर्षानुवर्षे एका मुख्य विषयातली तीन वर्षांची पदवी, म्हणजे स्थूलमानाने पुण्यात आपण ज्याला ‘स्पेशल’ म्हणत आलो ते. आता नव्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा दिला, त्यात चार वर्षांची, किमान १६० श्रेयांकांची (क्रेडिट्सची) पदवी ‘ऑनर्स’ ठरते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असतील आणि चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प केला, तर ती ‘संशोधनासह ऑनर्स’ होते. आपल्या भाचीच्या ऑनर्सला जवळचे काही असेल, तर ते हे दुसरे.

विषयाच्या नावाचाही विचार करावा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशांनंतर पर्यावरण हा विषय पुढे पदवीच्या सर्व शाखांना सक्तीचा झाला, आणि यूजीसीसाठी त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्याच डॉ. एराक भरुचा यांनी लिहिले. तरीही अनेक घरांत तो ‘प्रोजेक्टची वही भरून सुटण्याचा’ विषय समजला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. ‘परिसर अभ्यास’ लिहिले तर लोकांना प्राथमिक शाळा आठवेल. ‘पर्यावरणशास्त्र’ही नको, कारण या अभ्यासक्रमात विज्ञानाइतकेच धोरण, अर्थकारण आणि समाज यांना स्थान असते. पुण्याच्या वेताळ टेकडीवर लावलेल्या गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या परदेशी झाडामुळे मूळच्या गवताचे काय झाले, हे मोजणे शास्त्रात बसते. ती लागवड कोणत्या धोरणाने झाली आणि टेकडीवर गुरे चारणाऱ्यांना व फिरायला येणाऱ्यांना तिच्याविषयी काय वाटते, हेही त्याच प्रबंधात तपासले, की तो ‘पर्यावरण अभ्यास’ होतो.

प्रश्नकर्ती : दोघांचीही आभारी आहे. संपादकांकडे पुढील मजकूर पाठवत आहे : ‘पर्यावरण अभ्यास या विषयात बी.ए.; स्वतंत्र संशोधन प्रबंधासाठी विभागाचे ऑनर्स.’ त्याखाली प्रबंधाचे शीर्षकही मराठीत द्यावे, अशी विनंती केली आहे.