लहान मुलांचे दात आता जास्त किडतायत का?

पंचवटीची_आई:
मुलगा साडेचार वर्षांचा आहे, डेंटिस्टकडे नेलं तर दोन दाढा चांगल्याच किडल्यात म्हणाले, काळे खड्डे दिसतायत. सासूबाईंचं सुरू, आम्ही राखुंडीने घासायचो, कुणाचे दात किडत नव्हते. खरंच प्रमाण वाढलंय की आता दाखवायला नेतो म्हणून कळतंय? आणि दुधाचे दात पडणारच, मग एवढा खर्च करायचा का?

सिन्नरचा_काका:
किडायचे की, न किडायला काय झालं! दाढ ठणकली की लवंग धरायची, हलायला लागली की दोरा बांधून उपटायची. कोण मोजत होतं.

दातवाला_नाशिक:
ताई, सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. राखुंडीचं श्रेय काही नाही, तिने उलट दात झिजतात, पण तेव्हा पोरांच्या हातात दिवसभर बिस्किट-चॉकलेट नसायचं. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते महत्त्वाचं, दर खाण्यानंतर तोंडात दात पोखरणारं अ‍ॅसिड अर्धा तास तरी राहतं. युरोपात दुसऱ्या महायुद्धात साखर मिळेना तेव्हा बऱ्याच देशांत मुलांची कीड घटली, साखर परत आली तशी कीडही परत आली. मग १९४५ ला अमेरिकेत ग्रँड रॅपिड्सला नळाच्या पाण्यात फ्लोराइड (दात कणखर करणारा क्षार) घालायला लागले, त्यानंतर जन्मलेल्या मुलांत कीड ६० टक्क्यांहून जास्त कमी झाली, आणि १९७० नंतर फ्लोराइडची पेस्ट घरोघरी गेल्यावर जिथे पाण्यात काही घालत नाहीत तिथेही कमी झाली. म्हणजे तिकडे आधी वाढून मग उतरलं, आपल्याकडे खेड्यापाड्यात पाच रुपयांचा पुडा पोचला पण दोन वेळा ब्रश काही पोचला नाही.
दाढा मात्र भरून घ्या. पुढचे दात सहा-सातला पडतात, दाढा दहा-बारापर्यंत लागतात, लवकर काढल्या तर खालच्या पक्क्या दाताची जागा जाते.

कॉलेजरोडकर:
रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपतो का? आमच्या डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं होतं.

पंचवटीची_आई:
नाही, ती कधीच सुटली. पण आजोबा शाळेतून आणताना रोज काहीतरी घेऊन देतात, त्यांना कोण बोलणार 😅 फ्लोराइडवाली पेस्ट चालेल ना? त्याची आत्ताची बिनफ्लोराइडची आहे. यवतमाळकडे फ्लोराइडने दात पिवळे पडतात म्हणे?

दातवाला_नाशिक:
तिकडे बोअरच्या पाण्यातच जास्त असतं म्हणून, आपल्याला गंगापूर धरणाचं पाणी. १००० पीपीएम फ्लोराइडची (पीपीएम म्हणजे दहा लाखात किती भाग) पेस्ट घ्या, वाटाण्याएवढीच, थुंकायला लावा, गिळू देऊ नका. घासून तुम्हीच द्या, साडेचारचं पोर नुसतं ब्रश चावतं. आजोबांना सांगा, जेवणाबरोबर द्या काय ते.