मदत हवी आहे: नाशिकच्या जुन्या सिंहस्थाच्या (कुंभमेळ्याच्या) बातम्या कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. मी टीवायबीएला आहे, राज्यशास्त्र. पंचवटीत रूम करून राहतो. प्रोजेक्टला विषय घेतलाय सिंहस्थातलं गर्दीचं नियोजन (हौसेनं घेतला, आता निस्तरतोय). २००३ ला चेंगराचेंगरी झाली. मग २०१५ ला रामकुंडाकडे (स्नानाची मुख्य जागा) यायचे-जायचे रस्ते कसे आखले, हे मला तेव्हाच्या पेपरांतून बघायचंय. नेटवर तुकडेच सापडतात. त्यात सिंहस्थासाठी तपोवनातली झाडं तोडावीत की नाही यावरून कट्ट्यावर रोज वाद, निम्मा अभ्यास तिथंच बुडतो!

सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, तिथं जुने अंक सभासद नसताना बघू देतात का? २०१५ ला कुणी स्वयंसेवक होतं का? घरी कात्रणं असतील तर फोटो काढून लगेच परत देईन. निमाणी स्टँडवरून बसनं कुठंही येतो, फक्त रविवारी सकाळी नको, मेस बंद असते.