पातळ जीआय पाइपवर वेल्डिंग: फसफस, पिनहोल आणि भोकं

मांडववाला
वेलींसाठी जीआय (जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडी) पाइपचा मांडव करतोय. पाइपची जाडी १.६ मिमी, मशीन डीसी इन्व्हर्टर, वेल्डिंगचा रॉड ६०१३ प्रकारचा, २.५ मिमी, करंट ८५ अँपिअर. आर्क (रॉडच्या टोकाची ठिणगी) लागली की फसफस सुरू, छर्रे उडतात, आर्क इकडेतिकडे पळते. जोडावर जमलेली खपली (स्लॅग) उडवली की खाली सगळी पिनहोल, म्हणजे बारीक छिद्रं. करंट उतरवला तर रॉड चिकटतो, चढवला तर भोक. टी-जोडाला तर कापलेली कड वितळून मागे सरकते आणि फट वाढतच जाते. काय करू?

जुना फॅब्रिकेटर
करंटचं नंतर बघू, आधी जस्त काढा. जस्त ४२० अंशांना वितळतं आणि ९०७ ला त्याची वाफ होते. लोखंड वितळायला दीड हजाराच्या आसपास तापमान लागतं. म्हणजे लोखंडाचा रस तयार होतो तेव्हा आजूबाजूच्या जस्ताची वाफ झालेली असते आणि ती त्या रसातूनच वाट काढते. फसफस तीच आणि पिनहोलही तीच.

जोडाच्या दोन्ही बाजूंना इंचभर ग्राइंडरची फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पट्ट्यांची चकती) फिरवा, पण हलक्या हातानं. करडा लेप जाऊन चकचकीत लोखंड दिसलं की थांबा, पाइप आधीच पातळ आहे. कापलेल्या तोंडातून आत गोल कानसही फिरवा. आतला लेप बरेच जण तसाच ठेवतात, मग बाहेरून लखलखीत केलेल्या जोडालाही पिनहोल का येतात ते कळत नाही.

टी-जोडाचं तोंड दुसऱ्या पाइपच्या गोलाईत चपखल बसेल असं घासून घ्या. इतक्या पातळ पाइपात फट रॉडनं भरायला जाऊ नका. आर्क अखंड पाइपच्या अंगावर धरा आणि रस कडेकडे नुसता ओढून आणा. कडेला उष्णता पसरायला जागा नसते, म्हणून ती आधी वितळते.

रॉड २ मिमीचा घ्या, करंट ४५ ते ५५. होल्डर मायनसला, अर्थ प्लसला. रॉड लवकर वितळतो, पाइपात शिरकाव कमी होतो. आर्क आखूड ठेवा. सलग ओढू नका: टाका मारा, लाली उतरू द्या, पुढचा टाका आधीच्यावर थोडा चढवून मारा. मध्ये खपली साफ करत चला. उभ्या जोडाला वरून खाली या, पण हात चपळ हवा, नाहीतर खपली रसाच्या पुढे पळते.

शेडवाला
२ मिमीचा रॉड नसेल तर २.५ सुद्धा ६०-६५ वर चालतो, मी चालवतो. मात्र रॉड कोरडा हवा आणि अर्थचा चिमटा घासलेल्या लोखंडावरच लावा.

जुना फॅब्रिकेटर
चालतो, पण नवख्या हाताला २ मिमीच सोपा.

धुराचं राहिलं, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हवेत कापसासारखे पांढरे तंतू तरंगताना दिसले की ते झिंक ऑक्साइड समजा. ते छातीत गेलं की काही तासांनी तोंडाला धातूची चव येते, थंडी वाजते, ताप चढतो, अंग मोडून येतं. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतं, पण दम लागला तर लगेच डॉक्टर गाठा. दूध प्यायल्यानं यापासून बचाव होत नाही. उघड्यावर काम करा, वारा बाजूनं येईल असे उभे राहा, डोकं धुराच्या झोतात नको. कापडी रुमाल निरुपयोगी आहे, धातूच्या धुराला चालणारा फिल्टर लावलेला रेस्पिरेटर वापरा.

मांडववाला
लेप काढून, रॉड २ मिमीचा, होल्डर मायनसला. फसफस जवळपास गेली, टाकेही एकसारखे येतायत. आता पाइपची वरची तोंडं पत्र्यानं बंद करायची आहेत, पण शेवटचा टाका दर वेळी आतून फुंकला जातो.

जुना फॅब्रिकेटर
आत हवा कोंडते, तापली की बाहेर पडायला वाट शोधते. खालच्या बाजूला ३ मिमीचं छिद्र पाडून ठेवा, शेवटचा टाका शांत बसेल. ते छिद्र बुजवू नका, आत साठणारं पाणीही तिथूनच जाईल. जोड थंड झाला की खपली कोपऱ्याकोपऱ्यातून खरवडा, वायर ब्रश मारा आणि घासलेल्या सगळ्या भागावर झिंक-रिच (भरपूर जस्त असलेल्या) प्राइमरचे दोन हात द्या. खपलीवर मारलेला प्राइमर टिकत नाही, गंज तिथूनच सुरू होतो.